माघारीची वेळ

महापौरपदाची उमेदवार सुलभा, पक्षाने नगरसेवकांना फुटू नयेत म्हणून ठेवलेल्या रिसॉर्टवरून बंगळूरच्या चामराजपेटमधल्या घरी साडी बदलायला आली, तेव्हा सिंकमध्ये कॉफीचे दोन उष्टे पेले होते. "कोण आलं होतं?" "कुणीच नाही," नवरा मुकुंद म्हणाला, तिच्याकडे न बघता. पुढे महापालिकेच्या सभागृहात माघारीची वेळ सुरू होताच एकमेव प्रतिस्पर्धी मंजुनाथने नाव मागे घेतलं. जवळून जाताना तो म्हणाला, "मुकुंदअण्णांच्या हातची कॉफी झकास असते, अक्का." सुलभाने मुकुंदला व्हरांड्यात गाठलं. "त्याला काय कबूल केलंत?" "त्याच्या तळ्याकाठच्या बांधकामाला तू विरोध करायचा नाहीस, एवढंच." त्याच तळ्यासाठी लढून ती नगरसेविका झाली होती. "मला विचारायचं तरी." "तू नाही म्हणाली असतीस." ती आत गेली. शिपाई महापौरांचा झगा घेऊन उभा होता. "वेळ संपली का?" तिने निवडणूक अधिकाऱ्यांना विचारलं. "अजून स्वल्प वेळ आहे, मॅडम." "मग माझंही नाव मागे घ्या."