पुन्हा चलतीत

लेकीने आपल्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर दाखवली आणि बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. उभी हयात त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली होती.

"बाबा, हा जुना टाइप सध्या जोरात आहे. मधे म्हणे त्याला कुणी विचारत नव्हतं."

"आम्ही विचारायचो." बाबांनी पत्रिका पुन्हा एकदा नीट पाहिली. "पण एकाच पानासाठी. कुणाकुणाला पाठवलीस?"

"सगळ्यांना. तुमच्या छापखान्याच्या ग्रुपवरसुद्धा."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बाबा नको नको म्हणेपर्यंत तिने तो स्पीकरवर घेतला. पलीकडे छापखान्यातले बाबांचे जुने सहकारी होते.



"वहिनी, अक्षर बघूनच काळजात धस्स झालं, पुढचं वाचवेना. कधी गेला हो आमचा दोस्त?"