चंद्राची फेरी

विज्ञानाच्या बाईंनी बाकं भिंतीला सरकवली आणि फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं. मधोमध पृथ्वी म्हणून वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा उभा केला.

"चंद्र पृथ्वीला कधीच पाठ दाखवत नाही. तेव्हा फिरताना तोंड सतत याच्याकडेच."

दरवर्षीसारखेच सगळे चंद्र चार पावलांत अडखळले, नाहीतर पाठमोरे झाले. शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र आडवी पावलं टाकत, त्याच्यावरची नजर न हलवता, अख्खी फेरी मारून आली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"पहिल्याच फटक्यात? कुठे शिकलीस गं?"



"घरी. बाबा चिडलेले असले की आई आणि मी अशाच फिरतो."