कडवट भाजी

जेवायला बसलो की आम्ही डबे बदलतो. क्रेनवाल्याचा मी खातो, माझा तो. बारा वर्षांची सवय, पण दोघांच्या बायकांना पत्ता नाही.

आज विषय माझ्या कंबरेचा निघाला.

"डॉक्टरांनी भांगेच्या अर्काचं औषध दिलंय," मी म्हटलं. "बायको हात धुऊन मागे लागलीये. पण मी बाटलीला हात लावत नाही. मिस्त्रीच झिंगला तर भिंत वाकडी व्हायची."

"भिंतीचं काय घेऊन बसलास!" क्रेनवाला म्हणाला. "मला तर सर्दीची गोळी घ्यायचीसुद्धा चोरी. वर मला डुलकी लागली, तर खाली तुमचा भुगा." डबा चाटूनपुसून तो हसला. "भाजी मात्र आज कडवट होती हं. वहिनींचा राग उतरलाय तिच्यात."

तो वर चढून दीड तास झाला असेल. सळयांचा भारा आमच्या डोक्यावर होता, तेव्हा बायकोचा फोन आला.

"कंबर कशी आहे?"

"आहे तशीच."

"तशीच कशी असेल? तुम्ही ऐकत नाही, म्हणून मी औषध भाजीतच घातलं. चांगली अर्धी बाटली."

मी सगळ्यांना भाऱ्याखालून हाकललं आणि वॉकीटॉकीवर ओरडलो, "काही हलवू नकोस! नुसता बसून राहा!"

बराच वेळ खरखर. मग तो लाडात हसला.

"आज किती जवळ दिसताय रे सगळे! थांब, आलोच."

मी मान वर केली. केबिनचं दार उघडत होतं.