बारीक जाळी

कमळनं प्लास्टिकचा दाणा दाढेखाली धरला आणि चावला. वरची साल मऊ दबली, आत मात्र कट्कन आवाज झाला. तिनं दाणा थुंकला आणि सांगून टाकलं, माल जाणार नाय.

बाहेर टेम्पो लागलेला. मंडपवाला दीपेश घाईत. आज कोन गावात लग्नाची हळद, आणि आगऱ्यांची हळद म्हंजे अख्खा गाव येऊन बसतो. खुर्च्या याच दाण्याच्या, सकाळीच साच्यातून निघालेल्या. लाल, चकचकीत.

तिचा दीर केसरीनाथ भडकला. शेड दोघांची सामाईक. नवरा गेल्यापासून कमळ तिथं भंगार प्लास्टिक दळून खुर्च्या काढायची, आणि याला ती जागा गोडाऊनला द्यायची होती. इथं दापोडे गावात सगळ्यांनी दिलीच. पंचांत ठरलं होतं, ही ऑर्डर आज गेली तर शेड कमळची, नाय तर गोडाऊन. तरी काल हाच आपणहून मदतीला आला. दळलं सगळं त्यानंच.

कमळनं क्रशर उघडला. आत रोजची बारीक जाळी नाय, मोठ्या भोकांची जाड जाळी. दळण बारीक असलं की कडक प्लास्टिकच्या कणात मागून मिसळलेला मऊ माल पार गाभ्यापर्यंत मुरतो. कण जाड राहिला की मऊ माल नुसता वर बसतो, आतलं कडक ते कडकच. माणूस बसला की खुर्चीचा पाय तडकणार.

बारीक जाळी फाटली, भंगारात गेली, असं केसरीनाथचं म्हणणं. "रंग तोच, चमक तीच. आत कोन बगतंय? पाठव, वयनी. शेड जाईल."

"जाऊ दे शेड," कमळ बोलली. "कुनाची म्हातारी खुर्चीवरून परली तर मी तोंड कुठं दाखवू?"

दीपेशलाही वाटलं, बाई उगाच ताणतेय. मग कमळनं थप्पीतली एक खुर्ची ओढली आणि दिरापुढं ठेवली. केसरीनाथ अंगानं भरलेला गडी. शेडात पाय टाकला की आधी बूड टेकायला जागा शोधायचा. आज सकाळपासून खांबाला टेकून होता.

"बसा, भावजी."

केसरीनाथ हलला नाय. गुडघा दुखतो, उभाच बरा हाय, म्हणाला.

दीपेशनं त्याच्याकडं पाहिलं, मग खुर्चीकडं. ड्रायव्हरला म्हणाला, गाडी रिकामीच वळव, आज सतरंज्या टाकू. माल परवा नेतो, आणि पंचांशी मी बोलतो.

कमळनं दिरापुढं हात केला.

"आता बारीक जाळी द्या."