मासा कोण होणार?

बाळा, जरा डोळे मीट आणि बघ. आपण धरणाजवळच्या एका दुकानात आलोय. भिंतीला गळाच्या काठ्या टेकलेल्या आहेत, काचेखाली माशांना भुलवायच्या, पिसांच्या खोट्या माश्या मांडल्या आहेत. तुझ्या शेजारी मैथिली उभी आहे. गावात नवीन, अजून एकही मैत्रीण नसलेली.

"मला एकटीला खेळता येईल असं काहीतरी हवंय," ती म्हणाली. "स्वस्तातलं."

दुकानदार दळवीकाकांनी सर्वांत साधी, हलकी काठी काढली. "शिकायला हीच बरी. पण घेण्याआधी तिचा वाक बघायचा. एकानं काठी धरायची, दुसऱ्यानं मासा होऊन दोरी ओढायची आणि मी बाजूनं बघणार. हाताला पेलते का, ते तेव्हाच कळतं. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग उद्या कोणालातरी घेऊन ये."

उद्या तरी कोणाला आणणार? मैथिलीनं काठी परत ठेवली. दाराशी बाकावर एक आजोबा तशीच काठी मांडीवर घेऊन बसले होते.

"हे सकाळपासून बसलेत," काका हसत म्हणाले. "म्हातारपणी शिकायचंय म्हणे. यांनाही मासा व्हायला कोणी नाही."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी नुसता काठीवरून हात फिरवला.

मैथिली दाराबाहेर गेली, थांबली आणि मागे वळली. तिनं आजोबांच्या काठीची दोरी मुठीत घट्ट धरली.

"ओढू का, आजोबा? मोठा मासा आहे हं मी!"