बावन्न किलो

केळीच्या शेडमध्ये चार वर्षं खपून मी दोन सीटचं हलकं विमान बांधलं. नळ्या भंगारातल्या, इंजिन जुनं. मागची सीट बायकोनं खाटेच्या नवारीनं विणली. “मी मांगे बसीन, मले वरून बठ्ठा सावदा दाखवजा,” म्हणायची; सगळं सावदा गाव तिला वरून बघायचं होतं. विमानाचा तोल ठरवायला तिला केळी तोलायच्या काट्यावर उभं केलं, तेव्हा लाजून हसली होती. बावन्न किलो. पोळ्याआधी ती गेली. आज पहिलं उड्डाण. मागं वजन नसेल तर नाक खाली जातं, म्हणून तिच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवायचं होतं. लेक मोनाली घमेलं घेऊन काट्यापाशी थांबली. “पप्पा, किती भरू? दवाखान्यात आईचं वजन एकतीसच होतं.” “बावन्न.” ती वाळू भरत राहिली. पोतं आम्ही दोघांनी मिळून उचललं, तरी वाटेत एकदा टेकवावं लागलं. शेवटच्या महिन्यात तिच्या आईला मी एकटाच उचलायचो.