रोजच्यासारखं रक्त

"कलावतीबाई, गाठ पुन्हा वाढतेय," डॉक्टर सबनीस म्हणाले. "औषधाचे कण तिथवर पोचतच नाहीत. घरी काही बदललं का?"

"दोन महिने झाले, मुलीकडे राहायला आलेय. आता झोपसुद्धा शांत लागते."

डॉक्टरांनी नमुन्याची जुनी नोंद उघडली. औषधाचे कण रक्तात शिरले की त्यांच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढायचा आणि त्या थराच्या आधाराने ते गाठ शोधायचे. म्हणून औषध ज्याच्या त्याच्या रक्तावर बेतलेलं असे. नमुना घ्यायला माणूस घरी येई, कारण रक्त रोजच्यासारखं हवं. कलावतीबाईंचं रक्त घेतलं तेव्हा चहा गार झाला म्हणून नवऱ्याने कपबशी भिंतीवर फेकली होती.

"त्या रक्तात भीतीची प्रथिनं होती. औषध त्यांच्यावरच बेतलंय, आणि आता ती उरलीच नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"मग नवीन बनवा की."

"वर्ष जाईल त्यात." डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेवढा वेळ नाही आपल्याकडे."

कलावतीबाईंनी दंडावरच्या पट्टीकडे पाहिलं. रक्त औषधाला जुळलं की तिचा दिवा हिरवा होई. सध्या तो लालच होता. त्यांनी पिशवीतून फोन काढून नवऱ्याला लावला.

"मी परत येतेय," त्या म्हणाल्या.

"कुणाला विचारून गेली होतीस?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "ये तू घरी, मग बघतो!"

त्या फोन बंद करायला गेल्या. पट्टीवरचा दिवा हिरवा झाला.

"फोन ठेवू नका," डॉक्टर घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी कलावतीबाईंच्या हाताला लावलेल्या सलाईनमध्ये औषध सोडलं.